घरात पुराचं पाणी शिरलं तर विमा काय देतो, काय देत नाही? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये लोक विचारतात, "आमच्या पॉलिसीत पूर येतो ना?" ऑगस्टमध्ये तेच लोक विचारतात, "पूर होता ना, मग सोफ्याचे पैसे का कापले?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. भांडणं होतात ती दुसऱ्यावरून. घरविम्याची कामं करताना मी जे क्लेम पाहिले, त्यांत पूर आला होता की नाही यावर क्वचितच कुणी हुज्जत घातली. हुज्जत पडली ती तीन गोष्टींवर: पाणी कुठून आलं, विमा नेमका कशाचा होता आणि नुकसान दाखवायला हातात काय उरलं होतं.

खाली लिहिलेलं सगळं 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीला धरून आहे. तुमच्याकडे कंपनीची स्वतःची वेगळी पॅकेज पॉलिसी असेल तर तिची कलमं वेगळी असू शकतात.

भारत गृह रक्षा ही कोणत्या कंपनीची पॉलिसी?

कुठल्या एका कंपनीची नाही. विमा नियामक आयआरडीएआयने घरांसाठी ठरवून दिलेला हा एक प्रमाणित साचा आहे. १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांनी ही पॉलिसी ठेवलीच पाहिजे असा नियम आहे. मूळ मजकूर सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो हप्त्यात, वरून जोडलेल्या कव्हरमध्ये आणि क्लेमच्या वेळी फोन उचलला जातो की नाही यात. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना "यात पूर आहे, त्यात नाही" असं कुणी सांगायला लागलं तर पॉलिसीचं नाव आधी विचारा.

पुराचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं का?

नाही. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, दरड, जमीन खचणं यांच्याबरोबरच पूर आणि पाणी तुंबून घर बुडणं हे मूळ पॉलिसीतच आहे.

पण गृहकर्ज २०२१ च्या आधीचं असेल आणि त्याबरोबर दहा-पंधरा वर्षांची पॉलिसी एकरकमी काढलेली असेल, तर ती जुन्या 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' साच्यातली असू शकते. तिच्यात वादळ, तुफान, पूर आणि जलमय होणं हा एक गट होता. विमावाले त्याला एसटीएफआय म्हणतात. हप्ता कमी करून हा अख्खा गट वगळण्याची सोय तेव्हा होती. कपाटातली पॉलिसी काढा आणि शेड्यूलच्या पानावर 'एसटीएफआय' (STFI) ही चार इंग्रजी अक्षरं शोधा. पुढे 'वगळले' असं काही दिसलं तर त्या कागदाच्या भरवशावर पावसाळा काढू नका.

नदी आमच्यापासून लांब आहे. रस्त्यावरचं पाणी घरात आलं तर तो पूर धरतात का?

धरतात. पॉलिसीत नुसता 'पूर' नाही, त्याच्या जोडीला 'जलमय होणं' असाही शब्द आहे, आणि तो तिथे उगाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मुंबईत ज्यांच्या घरात पाणी होतं, त्या सगळ्यांच्या दारात काही मिठी नदी आली नव्हती.

यावर सर्वोच्च न्यायालयातही वाद झाला आहे. एका सिमेंट कारखान्याचा कोळसा मुसळधार पावसाच्या पाण्यात वाहून गेला. विमा कंपनीचं म्हणणं, नदी किंवा तलाव फुटला नाही, म्हणजे हा पूर नव्हे. न्यायालयाने २०२० मध्ये ते मान्य केलं नाही. पावसाचं पाणी साचूनही जागा जलमय होते, त्यासाठी जलाशय ओसंडलाच पाहिजे असं नाही, असा त्या निकालाचा अर्थ. प्रकरण कारखान्याचं असलं तरी शब्द तेच आहेत, त्यामुळे "तुमच्याकडे नदी कुठेय?" असं कुणी म्हटलं तर या निकालाचा उल्लेख करायला हरकत नाही.

धरणातून सोडलेलं पाणी, तुंबलेल्या नाल्याचं पाणी, गटार उलटून मोरीतून वर आलेलं पाणी हेही यातच बसतं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गानंतर पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. विसर्ग कुणी सोडला, आधी सूचना दिली होती का, हा वाद वेगळा. घरविम्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते, स्लॅब गळतो. तो खर्च मिळतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप याच प्रश्नावर होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विमा अचानक ओढवलेल्या घटनेसाठी असतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं, बाहेरच्या भिंतीला भेगा पडल्या, खिडकीच्या कडेने दर पावसात पाणी झिरपतं, ही झाली देखभालीची कामं. त्यातून पंखा खराब झाला, प्लास्टर पोपडले, तरी कंपनी देत नाही.

अडचण येते ती दोन्ही एकाच घरात असतात तेव्हा. एका तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये सर्व्हेअर (कंपनीने नुकसान मोजायला नेमलेला माणूस) आले तेव्हा मी तिथे होतो. हॉलच्या तीन भिंतींवर गुडघ्याच्या वर एक आडवी, गढूळ रेघ होती, पट्टीने मारावी तशी. ती खोलीभर एकाच उंचीवर फिरलेली होती आणि कपाटाच्या दारावर, शोकेसच्या काचेवर, दिवाणाच्या पायावर तिथेच जुळत होती. चौथ्या भिंतीवर मात्र डाग वरून खाली उतरलेला होता, कडा पिवळसर, मधे मिठासारखा पांढरा फुलोरा आणि रंगाचे जुने पोपडे. सर्व्हेअरनी टेप लावून पहिल्या तीन भिंती लिहून घेतल्या आणि चौथीच्या वरच्या भागासमोर एक छोटी फुली मारली. घरमालक म्हणाले, "अहो, पाणी तर तेच!" पाणी ते नव्हतं. पुराचं पाणी खालून चढतं आणि थांबतं तिथे सरळ रेघ सोडतं. गळतीचं पाणी वरून येतं आणि वेडंवाकडं पसरतं. हा फरक लपत नाही, म्हणून जुनी ओल पुरात घुसडायचा प्रयत्न करू नका. त्याने खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

वरच्या मजल्यावरची टाकी किंवा पाइप फुटून घरात पाणी झालं तर?

तो पूर नव्हे, पण कव्हर आहे. टाक्या आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं हे पॉलिसीत स्वतंत्र कलम आहे. नळ रोज थेंबथेंब गळून फरशी खराब झाली तर मात्र वरचंच उत्तर.

'घर' म्हणजे नेमकं काय काय? कुंपणाची भिंत पडली तर?

कुंपणाची भिंत, फाटक, संरक्षक भिंत, आवारातला रस्ता, गॅरेज, पडवी, सेप्टिक टँक, पाण्याची पक्की टाकी, बायोगॅस, सोलर पॅनेल हे सगळं 'घराची इमारत' या व्याख्येतच येतं. पक्कं वायरिंग, नळजोडणी, बसवलेली सॅनिटरी भांडी हेही. पुरात आधी जाते ती बऱ्याचदा कंपाउंडची भिंत, आणि ती क्लेममध्ये लिहायला लोक हमखास विसरतात.

जमीन मात्र यात नाही. नदीने काठ कापला आणि मागचं अंगण दहा फूट आत सरकलं, तर त्या जमिनीचे पैसे मिळत नाहीत. जमीन खचणं हे कव्हर आहे, पण नदीने किंवा समुद्राने केलेली धूप, भराव घातलेल्या जागेचं बसणं आणि नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा हे त्यातून वगळलेलं आहे. नदीकाठी भराव टाकून बांधलेल्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सामानाचा विमा आपोआप असतो का?

इमारतीचा विमा काढला असेल तर सामान्य सामानाला आपोआप कव्हर मिळतं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये. त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही.

आता हिशेब घालून बघा. समजा कार्पेट एरिया ७०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,००० रुपये धरला. इमारतीची विमा रक्कम झाली १४ लाख. तिचे २० टक्के म्हणजे २ लाख ८० हजार. तळमजल्यावर चार फूट पाणी आलं तर फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, सोफा, प्लायवूडचे वॉर्डरोब, स्वयंपाकघरातल्या खालच्या ट्रॉल्या, मिक्सर, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, मुलांचा कॉम्प्युटर. मांडा बेरीज. बहुतेक घरांत ती २ लाख ८० हजारांच्या पुढे जाते. जास्त रक्कम हवी असेल तर यादी देऊन, थोडा वाढीव हप्ता भरून घेता येते. माझ्या मते तळमजला आणि पहिला मजला असलेल्यांनी पैसे खर्च करावेत ते इथे.

सगळ्यात वाईट वाटतं ते प्लायवूडचं. स्टीलचं कपाट धुऊन पुसून चालतं. प्लायवूड दोन दिवस पाण्यात राहिलं की कडेने फुगतं, थर सुटतात आणि मग दुरुस्ती नाही. भिंतीत बसवलेलं फर्निचर इमारतीत धरायचं की सामानात, हे पॉलिसी घेतानाच विचारून ईमेलवर लिहून घ्या.

दागिने, रोख रक्कम, कागदपत्रं?

रोख रक्कम, चेकबुक, शेअर्स-रोखे, हस्तलिखितं, नकाशे आणि आराखडे नेहमीच्या कव्हरमध्ये नाहीत. सोन्याची वळी आणि कोंदणात न बसवलेले हिरे-माणकंही नाहीत. दागिने आणि कलावस्तूंसाठी 'मौल्यवान वस्तू' हे ऐच्छिक कव्हर आहे. त्यात प्रत्येक वस्तूची किंमत आधीच ठरवून लिहितात आणि सहसा मूल्यांकनाचा दाखला लागतो. दागिना पुरात खराब होत नाही, वाहून जातो. आणि तो घरात होताच हे नंतर सिद्ध करणं फार अवघड असतं, म्हणून हे कव्हर नसेल तर पाणी चढायला लागल्यावर पहिली पिशवी कोणती उचलायची ते ठरवून ठेवा.

गाडी पार्किंगमध्ये बुडाली. घरविम्यातून मिळेल?

नाही. वाहनं घरविम्यातून वगळलेली आहेत. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर त्यातून मिळतं, नुसता थर्ड पार्टी असेल तर काहीच नाही. आणि पाण्यातून बाहेर काढलेली गाडी स्टार्टर मारून बघू नका. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की इंजिन आतून मोडतं, आणि त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर लागतं.

फ्लॅट ८० लाखांचा आहे. विमा ८० लाखांचा काढायचा का?

नाही. विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो, तेच घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा असतो. जमिनीची किंमत, 'स्टेशनपासून पाच मिनिटं' याची किंमत, पुराने जात नाही. कार्पेट एरिया गुणिले त्या भागातला बांधकामाचा दर, एवढंच. कंपनी खर्चाच्या वर देत नाही, त्यामुळे ८० लाखांचा काढला तर जादा हप्ता वाया.

उलट चूकही होते. जुन्या पॉलिसीत रक्कम कमी असली की कंपनी त्याच प्रमाणात क्लेम कापायची: निम्म्या किमतीचा विमा, तर नुकसानीचेही निम्मेच पैसे. भारत गृह रक्षात ही कपात काढून टाकली आहे. रक्कम कमी असली तरी विमा रकमेपर्यंतचं नुकसान पूर्ण मिळतं. अट एकच, क्षेत्रफळ वगैरे माहिती खरी दिलेली असली पाहिजे. अनेक वर्षांची पॉलिसी घेतली तर इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्याचा वेगळा हप्ता नाही. जास्तीत जास्त मुदत १० वर्षं.

गृहकर्ज घेताना बँकेने पॉलिसी काढून दिली होती. ती पुरेशी आहे?

आधी ती कशाची आहे ते बघा. मी पाहिलेल्या निम्म्या लोकांकडे 'होम लोन इन्शुरन्स' म्हणून जो कागद होता तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघाला. म्हणजे माणूस गेला तर कर्ज फिटेल, घर गेलं तर काही नाही. घराचाच विमा असेल तर रक्कम कर्जाएवढी आहे की घर बांधायच्या खर्चाएवढी, आणि सामान त्यात आहे का, हे दोन आकडे तपासा. बँकेचं नाव पॉलिसीवर असेल तर इमारतीचे पैसे आधी बँकेकडे जातात, हेही लक्षात असू द्या.

आम्ही भाड्याने राहतो.

फक्त सामानाचा विमा काढा. घरमालकाच्या पॉलिसीत तुमचा टीव्ही येत नाही.

सोसायटीने अख्ख्या इमारतीचा विमा काढला आहे. मग मला वेगळा हवा का?

सोसायटीची पॉलिसी इमारतीची असते. लिफ्ट, पंपहाऊस, मीटररूम, जिना यांच्यासाठी ती हवीच, कारण पुरात ती सगळी तळाशी असतात. तुमच्या फ्लॅटमधलं सामान त्यात नसतं. फ्लॅटच्या आतली फरशी, रंग, वायरिंग त्यात धरलंय का, हे सेक्रेटरींकडून पॉलिसीची प्रत घेऊन वाचा. एकाच इमारतीचा दोनदा विमा असला म्हणून पैसे दोनदा मिळत नाहीत.

पाणी वाढताना दिसतंय. आत्ता पॉलिसी काढली तर चालेल?

हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा विमा कायद्यातलाच नियम आहे, कलम ६४ व्हीबी. शिवाय पॉलिसी सुरू होण्याआधी झालेलं किंवा सुरू झालेलं नुकसान तिच्यात येत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ४१ वर असताना काढलेली पॉलिसी मिळाली, तरी तिच्यावरचा क्लेम भिंगातून तपासला जाणार. एप्रिल-मे मध्येच काढून टाका. घरविम्याचा हप्ता सहसा गाडीच्या विम्यापेक्षा कमी असतो, तरी तो लोकांना मोठा वाटतो, कारण तो सक्तीचा नाही.

आमचं घर निळ्या रेषेच्या आत आहे. विमा मिळतो का?

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कंपनी अशा घराला जास्त हप्ता लावू शकते किंवा नाहीही म्हणू शकते. पण पूर्वी पाणी आलं होतं का, असं पॉलिसीच्या अर्जात (प्रस्तावात) विचारलं असेल तर २००५, २०१९, २०२१, जे खरं असेल ते लिहा. एजंट म्हणेल, "राहू द्या, 'नाही' टाकतो." सही तुमची असते.

पाणी ओसरलं. सगळ्यात आधी काय करायचं?

मेन स्विच बंद असल्याची खात्री, आणि मग फोटो. झाडू नंतर.

माहीत आहे, चिखल सुकायच्या आत काढला नाही तर फरशीला धरून बसतो आणि वास सहन होत नाही. तरी अर्धा तास थांबा. दारातून सुरुवात करून प्रत्येक खोलीचा न थांबता व्हिडिओ घ्या. पाण्याच्या रेघेशी मोजपट्टी धरून फोटो घ्या, आकडा वाचता आला पाहिजे. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्या मागे मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी असते. चिखल ओल्या फडक्याने पुसून तिचा वेगळा फोटो घ्या. बिल वाहून गेलं असेल तर वस्तू तुमची आणि त्या कंपनीची होती, हे तीच पट्टी सांगते. ऑनलाइन खरेदीची बिलं तुमच्या खात्यात अजून पडलेली असतात, तीही काढा.

लगेच कंपनीला कळवा, फोन आणि ईमेल दोन्ही. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

उपकरणं "चालतात का बघू" म्हणून लावू नका. पुराने भिजणं कव्हर आहे. नुसत्या शॉर्टसर्किटने जळलेलं उपकरण वगळलेल्या यादीत आहे. ओला फ्रिज लावला आणि तो जळला, तर त्यातलं काय पाण्याने गेलं आणि काय तुमच्या हाताने, यावर वाद घालत बसावं लागतं.

कुजलेलं धान्य, भिजलेल्या गाद्या घरात ठेवून आजारी पडा असं कुणी म्हणत नाही. फोटो काढा, मोजून लिहा, कंपनीला ईमेल करा की आरोग्याच्या कारणाने हे टाकतोय, आणि टाका. बाकीचं भंगारवाल्याला देऊ नका. मोडक्या वस्तूलाही किंमत असते, विमावाले तिला सॅल्वेज म्हणतात, आणि ती सर्व्हेअरला दिसली नाही तर आकडा तुमच्या विरोधात जातो. भंगारवाले पाण्यामागून दुसऱ्याच दिवशी गल्लीत येतात, सर्व्हेअर येईपर्यंत त्यांना थांबवायचं.

तलाठी (हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा महापालिकेचे लोक पंचनाम्याला आले की प्रत मागून घ्या. तो सरकारी मदतीसाठी असतो, पण घरात पाणी आलं होतं, किती आलं, कधी आलं याचा तो त्रयस्थ पुरावा आहे.

सर्व्हेअर कधी येतो आणि त्याला काय दाखवायचं?

आयआरडीएआयच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. मोठ्या पुरात अख्खं शहर एकाच दिवशी क्लेम लावतं आणि हे दिवस लांबतात. म्हणूनच ईमेलवरच्या तारखा जपा.

सर्व्हेअर कंपनीने नेमलेला असला तरी परवानाधारक असतो. त्याच्याशी भांडून काही साधत नाही, त्याला यादी हातात दिली तर साधतं. खोलीनुसार यादी करा: वस्तू, घेतल्याचं साल, अंदाजे किंमत, काय झालं. कंपनी वस्तू दुरुस्त करून देऊ शकते, दुरुस्तीचा खर्च देऊ शकते किंवा तशाच वस्तूची किंमत देऊ शकते. त्यामुळे मेकॅनिककडून 'दुरुस्त होणार नाही' असं लेटरहेडवर लिहून आणलंत तर निम्मं काम होतं.

क्लेममध्ये मलबा काढण्याचा खर्च क्लेम रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर वगैरेंची फी ५ टक्क्यांपर्यंत मागता येते. ट्रॅक्टरने चिखल उपसून नेला असेल तर त्याची पावती घ्या.

दुरुस्ती होईपर्यंत राहायचं कुठे?

घर राहण्यालायक नसेल तर दुसऱ्या घराचं भाडं मिळतं, आणि घर भाड्याने दिलेलं असेल तर बुडालेलं भाडं. दोन्ही मूळ पॉलिसीतच आहेत, पण फार कमी लोक मागतात. घर राहण्यालायक नाही असा आर्किटेक्टचा किंवा स्थानिक प्रशासनाचा दाखला लागतो. नुसता वास येतोय म्हणून मेहुण्याकडे राहायला गेलात, तर ते यात बसत नाही.

आम्ही छावणीत होतो, मागे घर फोडलं.

पुरामुळे झालेली चोरी कव्हर आहे, पण घटनेपासून ७ दिवसांच्या आतली. पोलिसांत तक्रार लगेच द्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कितीतरी घरं आठवडाभर पाण्यात होती, तेव्हा हे ७ दिवस किती तोकडे आहेत ते कळलं.

घरातच शिवणकाम, किराणा किंवा पिठाची गिरणी आहे.

धंद्याचा माल आणि यंत्रं घरविम्यात येत नाहीत. त्यासाठी ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे.

सरकार मदत देतंच की. मग विमा कशाला?

आकडे बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आहेत. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं, कधी नाही. साडेसहा हजारांत एका खोलीचं प्लास्टरही होत नाही. ती मदत आहे, भरपाई नव्हे. मिळेल ती घ्यावीच, पण विम्याच्या जागी ती धरू नये.

क्लेम नाकारला किंवा फारच कमी दिला तर?

कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कलमासकट. 'अमुक कागद नाही' एवढ्याच कारणावर क्लेम नाकारायचा नाही, असं नियामकाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. 'विमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत आहे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आयोगात आधी केस टाकलीत, तर लोकपाल ती ऐकत नाही.

माझ्या ओळखीच्या एका आजींना स्वयंपाकघराच्या ओट्याचे पैसे 'आधीच मोडकळीला आला होता' म्हणून नाकारले होते. नातवाच्या बारशाच्या फोटोत मागे तो ओटा धडधाकट दिसत होता. तो फोटो जोडल्यावर कंपनीने पैसे दिले, प्रकरण लोकपालापर्यंत जाऊ दिलं नाही.

पॉलिसीचा कागदच पुरात गेला. आता?

काही बिघडत नाही. पॉलिसी कंपनीच्या संगणकात असते. तिचा नंबर हप्ता भरल्याच्या एसएमएसमध्ये, ईमेलमध्ये किंवा बँक पासबुकातल्या नोंदीवरून सापडतो, आणि काहीच सापडलं नाही तर नाव, मोबाइल नंबर आणि पत्त्यावरून कंपनी शोधून देते. नवी प्रत मागवा, पण क्लेम कळवायला तिची वाट बघत बसू नका.